वंदनाची तारीख

सोमवारी सकाळी आधी वंदनाची मेल आली आणि तिच्या मागोमाग वंदना गेल्याचा फोन. नंतर कितीतरी जणांनी विचारलं, कसं कळलं गं तुला, आणि प्रत्येकाला मी हे याच क्रमाने सांगितलं. आधी मेल, मग फोन. क्रम नीट सांगितला की माझं काम संपलं, असं काहीतरी मनात होतं बहुतेक. मानपाड्याच्या घरी मी डबा भरून, साडी नेसून तयार होते. नवरात्र चालू होतं, पाचवी माळ. सोमवारचा रंग पांढरा, म्हणून पांढरी साडी. निघता निघता फोनवर मेल उघडली, कारण आमच्या केंद्रातले सगळेच सोमवारी ती मेल वाचल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. नागपूरला एक कार्यशाळा होती, एका शिष्यवृत्तीची जाहिरात होती, कुठल्याशा चर्चासत्रापुढे तिने लिहिलेलं, 'सभागृहात एसी फार जोरात असतो, शाल न्या.' आणि सगळ्यात शेवटी, 'पुढच्या सोमवारी, म्हणजे दसऱ्यानंतर, वंदना म्हात्रे यांची पीएच.डी.ची मौखिक परीक्षा. आपल्याच सभागृहात. चहा-पेढे आहेत. उशिरा येऊ नये.' मला हसू आलं. स्वतःच्या व्हायवाची जाहिरात स्वतःच करणारी बाई. हसतेय तोच श्रीकांतचा, तिच्या नवऱ्याचा, फोन आला.

"शुभदा, वंदना गेली. पहाटे."

मी म्हटलं, "अहो, पण आत्ताच तिची मेल आलीय."

"ती काल संध्याकाळीच वेळ लावून ठेवलेली तिने," तो म्हणाला. मी डबा परत ओट्यावर ठेवला, गॅस बंद आहे ना ते बघितलं, आणि निघाले.

ज्यांना वंदना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचं विद्यापीठाचं एक छोटं केंद्र आहे ठाण्याकडे. मी तिथे रसायनशास्त्र शिकवते. वंदना तिथला संशोधन कक्ष बघायची. कक्ष म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि तिची तपकिरी शाल, जी उन्हाळ्यातही खुर्चीच्या पाठीवर असायची. काम काय, तर देशात कुठे परिषद आहे, कुठे प्रशिक्षण आहे, कोण प्रकल्पाला पैसे देतंय, कोण परदेशी जायला देतंय, हे शोधायचं आणि आमच्यासारख्या आळशी लोकांपर्यंत पोचवायचं. हे काम कोणीही करू शकतं. बहुतेक ठिकाणी करतातही, म्हणजे आलेलं परिपत्रक पुढे ढकलतात. वंदना ढकलायची नाही. ती आधी स्वतः वाचायची, फोन करून चौकशी करायची, आणि मग मेलमध्ये प्रत्येकापुढे दोन ओळी लिहायची. 'जेवण चांगलं, व्याख्यानं बेताची.' 'प्रवासखर्च देतात असं छापलंय, विचारून घ्या.' 'नुसत्या प्रमाणपत्रासाठी जायचं असेल तर शनिवारी घरी झोपा.' एकदा एका मोठ्या संस्थेच्या कार्यक्रमापुढे तिने फक्त 'हं' एवढंच लिहिलेलं. आमचे प्राचार्य तिच्यावर चिडले, पण कार्यक्रमाला तेही गेले नाहीत.

शनिवारी ती अर्ज कसा लिहायचा ते शिकवायची. मी माझा पहिला प्रकल्प तिच्या त्या खोलीत बसून लिहिला. मी मोठ्या उत्साहाने अकरा उद्दिष्टं लिहून नेलेली. तिने कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "शुभदा, तू सुट्टीच्या दिवशी सकाळी ठरवतेस ना, आज कपाट आवरायचं, पडदे धुवायचे, आईकडे जायचं, लाडू करायचे... त्यातलं होतं किती?" मी म्हटलं, पडदेसुद्धा होत नाहीत. "मग हे पैसे देणारे लोक काय मूर्ख आहेत का गं? तीन ठेव." मी तीन ठेवली. प्रकल्प मिळाला. आजही मी कोणाचाही अर्ज तपासताना आधी उद्दिष्टं मोजते.

आता तारखेचं. आमच्याकडे सायली म्हणून एक मुलगी होती, खडवलीची. भातसा नदीच्या पाण्यावर काम करायची, हुशार, आणि घरचं सगळं सांभाळून शिकणारी. एका चांगल्या शिष्यवृत्तीचा अर्ज तिने शेवटच्या दिवशी भरायला घेतला. त्या दिवशी खडवलीला दुपारपासून लाइट नाही. संध्याकाळी आली तर वेबसाइट उघडेना, सगळा देश त्याच तासाला अर्ज भरत होता. राहिलं. वयाची अट असलेली शिष्यवृत्ती, पुढच्या वर्षी तिला भरता येणार नव्हती. सायली दुसऱ्या दिवशी वंदनासमोर बसून रडली नाही, नुसती बसून राहिली. ती गेल्यावर वंदना मला म्हणाली, "रडली असती तर बरं झालं असतं." आणि त्यानंतरच्या सोमवारपासून तिने कोणालाही न सांगता एक गोष्ट सुरू केली. मेलमधली प्रत्येक अंतिम तारीख ती दोन दिवस आधीची लिहायला लागली.

वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नाही. अर्ज वेळेत जायला लागले, एवढंच. मग कोणीतरी मूळ जाहिरात उघडून बघितली आणि बिंग फुटलं. तिला विचारलं तर म्हणाली, "हो, खोटी लिहिते. तुमच्यासाठी लिहिते. आणि यापुढेही लिहिणार." लिहीत राहिली. गंमत अशी की आम्हाला माहीत असूनही त्याचा उपयोग होत होता, पण आम्हीही काय कमी नव्हतो, मनातल्या मनात दोन दिवस मिळवायला लागलो. केंद्रात तो एक शब्दच झाला. खरी तारीख की वंदनाची तारीख? लग्नाची पत्रिका आली तरी कॅन्टीनमध्ये कोणीतरी विचारायचं, मुहूर्त खरा की वंदनाचा. प्लंबर उद्या येतो म्हणाला की मी म्हणायचे, उद्या म्हणजे वंदनाचा उलटा उद्या. ती शाल गुंडाळून बसायची आणि हसायची. तिला आवडायचं ते. स्वतःच्या नावाचं काहीतरी चलनात आहे हे कोणाला नाही आवडणार?

इतकी वर्षं दुसऱ्यांना अर्ज करायला लावणाऱ्या या बाईने स्वतः कधी काही भरलं नव्हतं. तिचं माहेर खाडीकाठच्या गावातलं. आजोबांपर्यंत मिठागरात काम. आता तिथे टॉवर आहेत, त्यातल्याच एका टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर तिची आत्या राहते, तरुणपणी उन्हात उभं राहून मीठ ओढलेली. मी एकदा वंदनाबरोबर तिच्याकडे गेलेले. आत्याने खिडकीतून खाली बोट दाखवलं आणि म्हणाली, "थय होता आमचा मीठ." खाली पार्किंग होतं. येताना लिफ्टमध्ये वंदना म्हणाली, "या बायकांचं कोणी काही लिहूनच ठेवलं नाहीये गं. मीठ किती पिकलं ते आहे. मालक कोण ते आहे. ओढलं कोणी ते नाही." मी म्हटलं, मग तू लिही. ती म्हणाली, "मी कुठे आता, पन्नाशी आली." मी तिचंच वाक्य तिला ऐकवलं, जे ती शनिवारच्या वर्गात सगळ्यांना ऐकवायची, की अर्ज न करणाऱ्याला अजून कोणी काही दिलेलं नाही. त्या वर्षी तिने पीएच.डी.ला नाव घातलं. जोशी सर गाइड. वयाने तिच्यापेक्षा थोडे लहानच, पण ती त्यांना वाकून नमस्कार करायची आणि ते दर वेळी दोन पावलं मागे सरायचे.

पाच-सहा वर्षं लागली तिला. नोकरी, घर, सोमवारची मेल, आणि रविवारी टॉवरांमधून फिरून म्हाताऱ्या बायकांच्या खाटेशेजारी बसणं. प्रबंध पूर्ण करून दिला आणि त्याच उन्हाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं. पुढचं सांगण्यासारखं नाही, सगळ्यांच्या घरी कोणाचं ना कोणाचं असं झालेलं असतं. कॅन्सर निघाला, आणि बराच पसरलेला निघाला. तिने उपचारांचं जेवढं करायचं तेवढं केलं, आणि एक दिवस मला म्हणाली, "माझी आता एकच इच्छा आहे. व्हायवा झाली पाहिजे. पदवी नको, कागद नंतर येऊ दे नाहीतर नको येऊ दे. पण मला कोणीतरी समोर बसून विचारलं पाहिजे, आणि मी उत्तर दिलं पाहिजे." मी म्हटलं, होणारच की. तीही म्हणाली, होणारच.

गणपती झाल्यावर व्हायवाची तारीख ठरवायला आम्ही जिन्याखालच्या खोलीत बसलो. वंदना, जोशी सर आणि मी. दोनच खुर्च्या, म्हणून मी उभी. बाहेरचे परीक्षक वयस्कर गृहस्थ होते, विदर्भातले. त्यांनी दोन पर्याय दिलेले. एक, पितृपक्षात ऑनलाइन. दुसरा, दसरा झाल्यावर स्वतः इथे येऊन. वंदना म्हणाली, "ऑनलाइन घेऊन टाकू या ना." जोशी सर म्हणाले, "अगं पितृपक्षात कुठे व्हायवा घेतेस?" ती म्हणाली, मला चालतं. मी म्हटलं, वंदना, इतकी वर्षं केलंस, ते असं लॅपटॉपवर नको. सभागृहात होऊ दे, सगळे येतील, आत्याला आणू, तू ती हिरवी पैठणी नेस. मला खरंच ते डोळ्यांसमोर दिसत होतं. तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टर नवरात्रापर्यंत म्हणतायत."

आणि मग जोशी सर, जे आयुष्यात कधी विनोद करत नाहीत, ते हसत म्हणाले, "वंदना, तुझं नवरात्र म्हणजे आमची दिवाळी."

आम्ही हसलो. मी तर मोठ्याने हसले. सुटल्यासारखं झालं, खरं सांगायचं तर. इतकी वर्षं तिने दिलेल्या प्रत्येक तारखेच्या पुढे थोडी जागा असायची, आणि आम्हाला त्या जागेची इतकी सवय झालेली की इथेही ती असणारच असं आम्ही धरून चाललो. वंदनाही हसली. शाल जरा पुढे ओढून घेतली आणि म्हणाली, "बरं. दसऱ्यानंतर." जोशी सरांनी लगेच परीक्षकांना फोन लावला.

तिला शेवटची भेटले ती घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. तिचं घर टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत. मंडपाचं काम चाललेलं, बांबू आडवे पडलेले, त्यामुळे रिक्षा लांब सोडून चालत गेले. वंदना आतल्या खोलीत उशांना टेकून बसलेली, मांडीवर लॅपटॉप. खूप बारीक झालेली. मी दारातच थांबले. ती म्हणाली, "ये ना, अशी पाहुण्यासारखी काय उभी." मग दहा मिनिटं कोणाचं कसं चाललंय ते बोललो. सायली कल्याणच्या कॉलेजात लागली, तिला आता तरुण शिक्षकांसाठीच्या अनुदानाला बसवायचं, जाहिरात दिवाळीनंतर येईल, लक्ष ठेव. मी हो म्हटलं. बाहेर कोणीतरी स्पीकरची चाचणी घेत होतं, हॅलो हॅलो, चेक... श्रीकांत चहा ठेवायला उठला, तेव्हा ती लॅपटॉपकडे बघतच म्हणाली,

"शुभदा, या वेळी दोन दिवस वजा केले नव्हते गं मी."

मला लगेच कळलं ती काय म्हणते ते. मी म्हटलं, आपण अजूनही पुढे आणू शकतो, मी आत्ता सरांना फोन करते. ती म्हणाली, "करून बघितला मी. परीक्षकांचं तिकीट झालंय, मधे ते मुलीकडे आहेत, तिचं बाळंतपण आहे. राहू दे." आणि लॅपटॉप मिटून, "तुमची चूक नाही. मीच लावलीय ना सवय." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला आज धरायला काहीतरी असतं. चहा आला, आम्ही चहा प्यायलो. दोन घोट तिनेही घेतले. निघताना तिने विचारलं, पेढे कुठून आणायचे, आणि मी म्हटलं, डोंबिवलीचे, माझ्याकडे लागले.

त्या सोमवारी मी तिच्या घरी पोचले तेव्हा केंद्रातल्या सगळ्या बायका आधीच आलेल्या होत्या, परस्पर कामावरून. सगळ्या पांढऱ्या साड्यांत. शेजारच्या एका बाईंनी माझ्या कानाशी म्हटलं, तुमच्याकडे पद्धत आहे का हो अशी? मी म्हटलं, नाही, आज सोमवार आहे. मेलच्या अगदी खाली, स्वतःच्या नावानंतर, वंदनानेच लिहिलेलं, 'आजचा रंग पांढरा.' टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाची रांग होती, त्यामुळे शववाहिनी गल्लीत येऊ शकली नाही, तिला लांबपर्यंत खांद्यावर न्यावं लागलं. रांगेतले लोक बाजूला झाले, काहींनी हात जोडले. आत्याला व्हीलचेअरवर आणलेलं. मी तिच्या शेजारी उभी होते आणि माझ्या डोक्यात, डबा ओट्यावर राहिलाय, भाजी खराब होईल, हे चाललेलं. खरंच सांगते. तेच चाललेलं.

दसरा झाला. सोमवार आला. व्हायवा रद्द झाल्याचं परीक्षकांना कळवलेलं होतं, पण तिकीट होतं, आणि ते म्हणाले, येतो. आले. उंच, किंचित वाकलेले गृहस्थ, हातात वंदनाच्या प्रबंधाची काळी प्रत, तिच्यात पिवळ्या चिठ्ठ्यांच्या खुणा. कोणी बोलावलं नव्हतं तरी सभागृह भरलं. बोलावलं नव्हतं असं तरी कसं म्हणू, तिनेच बोलावलं होतं, आणि उशिरा येऊ नये असं लिहिलं होतं. कोणीही उशिरा आलं नाही. ते गृहस्थ टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मी प्रश्न काढून ठेवले होते. त्यांचं काय करायचं हे मला कळत नाहीये. एक वाचतो." मग त्यांनी वाचला. तुमच्या या प्रबंधात तुमची सख्खी आत्या आहे. घरचंच माणूस अभ्यासाचा विषय असताना तुम्ही अंतर कसं राखलंत? वाचून ते समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. जेवढा वेळ माणसाला उत्तर सुचायला देतात, तेवढा वेळ थांबले. पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "चांगलं उत्तर दिलं असतं त्यांनी," आणि कागद घडी करून खिशात ठेवला. दुसरा प्रश्न वाचला नाही.

पेढे आले. मी सांगून ठेवलेले ते रद्द करायचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. दुकानातला माणूस पेटी घेऊन दारात उभा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग जोशी सर उठले, पेटी घेतली, उघडली आणि एकेकाला द्यायला लागले. माझ्यापाशी आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता पेटी पुढे केली. "घ्या," म्हणाले. मी घेतला. चव आठवत नाही. जोशी सर त्या दिवसानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलतात आणि मीही त्यांच्याशी कामापुरतंच. आमच्यात काही भांडण नाही. आम्हा दोघांना एकमेकांकडे बघितलं की ते हसणं ऐकू येतं, एवढंच आहे.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. मला अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणतात येईल, एकदम येईल. मला वंदनाने सायलीबद्दल म्हटलेलं आठवतं, रडली असती तर बरं झालं असतं. मला वाईट वाटतंय हे मला माहीत आहे, पण ते जसं दुसऱ्या कोणाचं तरी माहीत असावं तसं माहीत आहे... सोमवारची मेल आता मी लिहिते. जिन्याखालच्या खोलीत बसते. शाल तशीच आहे खुर्चीच्या पाठीवर, श्रीकांतने नेली नाही आणि मीही न्यायला सांगितलं नाही. माझ्या ओळी वंदनासारख्या होत नाहीत, जेवण चांगलं का वाईट हे विचारायला फोन करायची मला लाज वाटते. पण तारखा मी दोन दिवस आधीच्या लिहिते. पहिल्या सोमवारी विचार केला, आता खऱ्या लिहाव्यात, हा खेळ पुरे. मग वाटलं, लोक सवयीने दोन दिवस मिळवतीलच, आणि सगळ्यांचेच अर्ज राहतील. ती सवय मोडता येणार नाही आता. तिच्या बाबतीत मोडली असती तर गोष्ट वेगळी.

गेल्या सोमवारी मेल गेल्यावर थोड्या वेळाने सायलीचा फोन आला. कल्याणहून, मागे वर्गातला कलकलाट. तरुण शिक्षकांसाठीच्या अनुदानाची जाहिरात आलीय, ती मेलमध्ये होती. मुदत मुळातच थोडी, त्यामुळे अंतिम तारीख त्याच दिवसाची दिलेली.

"मॅडम," ती म्हणाली, "आजची दिलीय. ही खरी आहे की वंदना मॅडमची?"

मी म्हटलं, "वंदनाची."

तिने श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं. "म्हणजे अजून दोन दिवस आहेत."

खुर्चीत मागे टेकले, तर पाठीला शाल लागली.

"नाहीत," मी म्हटलं. "आज भर."